पहले ठकठक!

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, भामरागडच्या पुढे, आमच्या वसतिगृहाच्या आवारात, कोंबडीच्या खुराड्यात हात घालण्यापूर्वीही हल्ली 'ठकठक' म्हणावं लागतं. नुसतं म्हणून भागत नाही, कोंबडीच्या उत्तरासाठी थांबावंही लागतं. मी इथला अधीक्षक. पण हा हुकूम माझा नव्हे, हेल्मीबाईंचा.

हेल्मीबाई फिनलंडच्या. वर्षभर मुलांना शिकवायला हौसेनं, बिनपगारी आलेल्या. उंची अशी, की आमच्या प्रत्येक चौकटीला त्यांच्या कपाळाची ओळख आहे. मुलांची भाषा माडिया, बाईंची फिनिश. मधला पूल मराठीचा, आणि तो बांधला आमच्या सिंदेवाहीकडच्या स्वयंपाकीण सुमनबाईनं. त्यामुळे महिन्याभरातच बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, "सर, मले भात कमी पाहिजे. सुमनबाई ऐकूनच नाई राह्यली बे!"

मला 'बे' म्हणणारी आयुष्यातली पहिली परदेशी व्यक्ती.

त्यांच्या देशात म्हणे सख्ख्या बहिणीकडेसुद्धा आधी कळवल्याशिवाय जात नाहीत. आमच्या मुलांच्या गावात दार असतं ते कुत्रं आत येऊ नये म्हणून. माणसानं कशाला थांबायचं? त्यामुळे बाई सकाळी डोळे उघडत, तेव्हा एक पोरगी खाटेवर, दुसरी त्यांचे सोनेरी केस ओढून खरे आहेत का बघतेय, आणि बाकीची रांगेत बसलेली, बाई दात कसे घासतात ते बघायला.

शेवटी बाईंनी नाटक बसवलं. बाहेर जाऊन दार वाजवायच्या, धावत आत येऊन स्वतःच "या!" म्हणायच्या, पुन्हा बाहेर पळायच्या आणि अदबीनं आत शिरायच्या. मुलांना ते इतकं आवडलं, की आठवडाभर रोज प्रयोग झाला. तेव्हापासून कुणी उंबऱ्यावर पाय ठेवला की आतून गर्जना, "पहले ठकठक!"

एकदा बाई चौथीतल्या सोमीच्या घरी गेल्या. दार बांबूच्या ताटीचं, वाजेना. मग अंगणात उभं राहून बाईंनी तोंडानंच "ठकठक" केलं. सोमीच्या आजीला वाटलं, त्यांच्याकडचा रामराम असेल. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "ठकठक." बाई म्हणाल्या, "ठकठक." आजी पुन्हा, "ठकठक." मी मध्ये पडलो नसतो, तर दोघी अजून तिथेच असत्या.

मग पावसाळा आला. पर्लकोटा नदी चढली, रस्ता बंद झाला. बाईंची आई तिकडे एकटी राहते. ती आजारी आहे, दवाखान्यात नेलंय, एवढा निरोप आला आणि मोबाईलचा टॉवर गेला. बाईंनी खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

मुलं दाराशी गेली. ठकठक. आतून उत्तर नाही. मग सगळी पडवीत भिंतीला टेकून बसली. सुमनबाईनं मासळीचा रस्सा झाल्याची हाक दिली. मासळीसाठी एरवी एकमेकांना तुडवणारी ही जमात, एकही उठलं नाही. थोड्या वेळानं एखादं हळूच उठायचं, ठकठक करायचं, कान लावायचं, परत येऊन बसायचं.

मी सोमीला म्हटलं, "दार नुसतं लोटलंय गं. जा ना आत."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच करायला सांगितली. "बाई 'या' नाई म्हणाली, सर."

दिवे लागायच्या वेळेला दार उघडलं. नाक लाल, केस विस्कटलेले. बाईंनी खाली पाहिलं, तर उंबऱ्यापासून पायरीपर्यंत नुसती पोरं, दुपारपासून ताटकळलेली, उपाशी, पण शिस्तीत. सोमी उभी राहिली आणि उघड्याच दारावर तिनं वाजवलं, ठकठक.

बाईंच्या तोंडून फुटलं, "दिवसभर बाहेर काऊन बसून राह्यले बे? ढकलायचं ना दार!"