आधी वास, मग घास

उम्म अल कुवैनचे नाना पेडणेकर घरी पातोळ्या पोचवायला आले, की पहिला घास त्यांच्या डोळ्यांदेखत खायचा, असा नियम होता. तोवर ते हलत नसत. शारजात अल नहदाला आमच्या सातव्या मजल्यावर ते आले, तेव्हा मी अर्धी दाढी करून दार उघडलं होतं. त्यांनी साबणासकट मला खुर्चीत बसवलं. "आधी वास, मग घास!" म्हणत हळदीच्या पानात उकडलेली पातोळी नाकाखाली धरली. गुळाखोबऱ्याला साबणाची चव लागली, तो दोष अर्थात माझा.

शेजारच्या जोशीवहिनींची एकादशी होती. "इन्शाल्ला, उद्या सुटेलच की," म्हणत नाना सोफ्यावर बसले. कसंबसं घालवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बेल! वहिनींनी चूळसुद्धा भरली नव्हती.

धंदा घरचाच. पातोळ्या पेडणेकरकाकू करायच्या, गाडी नाना हाकायचे. पानांसाठी हळद लावली होती बाथटबमध्ये. नळाचं पाणी खारट, म्हणून तिला एसीतून गळणारं पाणी. म्हणून एसी अखंड चालू. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि घरात दोघं स्वेटर घालून.

"नाना, मग आंघोळ कुठे करता?"

"बादली आहे ना! हळदीला बादलीत भागत नाही, हबीबी."

हेही मी चालवून घेतलं असतं. पण आपण खाताना ते असे टक लावून बघत, की घास घशात अडकावा. भुवई किती चढली, डोळे मिटले का, दुसरा घास कधी घेतला, सगळं टिपायचे. मला भयंकर राग यायचा. माणसाने स्वतःच्या घरी निवांत खाऊ नये का?

एका शुक्रवारी घास तोंडात गेला आणि माझे डोळे गच्च मिटले. मीठ! नुसतं मीठ! नानांनीही एक तुकडा चाखला. "बाकीच्या मी समुद्रात टाकतो," ते हळूच म्हणाले. "हिला कळू देऊ नका." गडबडीत मागच्या खेपेचा रिकामा डबा आमच्याकडेच विसरले.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायला मी उम्म अल कुवैनला गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात नाना चक्क माझी नक्कल करत होते. भुवई वर, डोळे गच्च, मान एका बाजूला. "कुलकर्णी अस्सा! डोळेच मिटले गं त्याने!" काकू पिठाचा हात तोंडावर धरून हसत होत्या.

मला पाहून त्या ओशाळल्या. "दोन वर्षांमागे ताप आला, तेव्हापासून मला ना वास येत, ना चव लागत. बंदच करणार होते मी हे सगळं. हे म्हणाले, तू करत राहा, चव मी घेऊन येतो." मग त्यांनी विचारलं, "मीठ बरोबर होतं ना हो?"

त्यांच्या पाठीमागे नाना हात जोडून उभे होते.

"काकू," मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी दुप्पट पाठवा."

माझा राग कुठल्या कुठे गेला होता. पुढच्या शुक्रवारी बेल वाजली, तेव्हा मी आपण होऊन खुर्चीत जाऊन बसलो. दाढी मुद्दाम अर्धीच केली होती. घरी जाऊन काकूंना दाखवायला नानांना काहीतरी नवीन नको का?