थेट प्रक्षेपणातली दृष्ट

चाळीस वर्षांत आलिंग पासिताच्या, म्हणजे पासितामावशीच्या, तोंडून एकही कौतुक मोकळं सुटलं नव्हतं. लगुनाच्या तळ्याकाठच्या त्या गावात आपल्याइतकं जपून बोलणारं माणूस नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. कुणाचं बाळ गुटगुटीत दिसलं, कुणाच्या लेकीचे केस लांबसडक दिसले, की ती आधी "प्वेरा उसोग" म्हणणार, म्हणजे दृष्ट न लागो, आणि मगच कौतुक करणार. कारण तिची जीभ भारी होती. तरुणपणी तिनं सहज म्हटलं, "काय गोड पोर आहे," आणि पोरानं संध्याकाळपर्यंत पोट धरून आकांत मांडला. मग रिवाजाप्रमाणे तिलाच बोलावणं आलं. ज्याची दृष्ट लागली त्यानंच आपल्या थुंकीचा ओला अंगठा पोराच्या पोटावर फिरवायचा, दुसऱ्याची थुंकी चालत नाही. अशी पाच पोरं पासिताच्या नावावर होती. पाचांना दृष्ट लागली आणि पाचही बरी झाली, हे ती सारख्याच अभिमानानं सांगे.

त्या शनिवारी मात्र घात झाला.

गावची जोवेलिन मनिलाला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरीला पोचली होती. तिला लहानपणापासून पासितानं आपल्या गाडीवरचा बिबिंका खाऊ घातला होता. नारळाच्या दुधातला तांदळाचा केक, केळीच्या पानावर भाजलेला, वरून खारवलेलं अंडं. बुधवारी तर तिनं बसच्या कंडक्टरच्या हाती बारा बिबिंक्यांचा डबा मनिलाला धाडला होता. त्यामुळे जोवेलिनच्या गळ्यात अर्धा वाटा आपला, असा तिचा हिशेब होता.

दुपारी बाराला कार्यक्रम सुरू झाला. पासिता ताटात भात-मासे घेऊन टीव्हीसमोर, शेजारी नवरा तिर्सो. जोवेलिननं सूर लावला आणि पासिताचा घास तोंडातच राहिला. डोळ्यांतून पाणी आलं. भरल्या तोंडानंच ती ओरडली, "काय गळा आहे गं पोरीचा!"

तेवढंच. मागेपुढे काही नाही.

आणि पडद्यावर जोवेलिननं पोट धरलं. वर चढलेला सूर मध्येच तुटला. तिचा चेहरा पांढरा पडला, हात तोंडावर गेला आणि ती रंगमंचावरून आत पळाली.

पासिताच्या हातातलं ताट कलंडलं. "तिर्सो, मी म्हटलंच नाही."

"काय म्हटलं नाहीस?"

"प्वेरा उसोग. तोंडात भात होता माझ्या."

"अगं, मनिला कुठे, आपण कुठे. टीव्हीतून दृष्ट लागते होय?"

"थेट प्रक्षेपण होतं," पासिता म्हणाली.

तेवढ्यात पळत गेलेल्या जोवेलिनचं चित्र पडद्यावर पुन्हा दाखवू लागले. पासितानं अंगठा चाटला आणि झेप घेऊन तिच्या पोटावर टेकवला. पण चित्र तोवर बदललं होतं. अंगठा एका टकल्या परीक्षकाच्या कपाळावर बसला.

"चला," तिर्सो म्हणाला, "तो तरी आता आजारी पडायचा नाही."

अर्ध्या गाण्यावरच परीक्षकांनी जोवेलिनला अंतिम फेरीत घेतलं, पण तिला उभंही राहवेना. अंतिम फेरी पुढच्या शनिवारी. रविवारी तिला घरी आणून निजवलं. पासिताच्या घरापासून तिसरी गल्ली. सोमवारी कपडे धुणारी शेजारीण कोरिंग कुंपणावरून वाकली.

"ऐकलंस का? जोवेलिनच्या आईनं त्या मेणबत्तीवाल्या म्हातारीला बोलावलं होतं. दृष्ट कुणाची ते बघायला पाण्यात मेण टाकलं, तर आकृती उमटली."

"कसली?" पासितानं कुंपण धरलं.

"बाईची. चांगली जाडजूड. हातात काहीतरी गोल."

पासितानं आपल्या हाताकडे पाहिलं. हातात बिबिंक्याचा तवा होता. तो तिनं पाठीमागे लपवला.

त्या दिवशी तिला अन्न गोड लागेना. पोरगी शनिवारपर्यंत उठली नाही तर? तिचा सूर कायमचा गेला तर? सरपंचानं चौकात जोवेलिनचा घराएवढा फलक लावला होता. त्याखालून जाताना तो हसरा चेहरा आपल्याकडेच बघतोय असं पासिताला वाटे, आणि ती रस्ता बदलून चर्चच्या मागून जाई. स्वतः जाऊन कबूल व्हावं, तर जन्मभराची अब्रू जाणार. गप्प बसावं, तर पोरीचा जीव टांगणीला.

"जा आणि लाव थुंकी," तिर्सो म्हणाला. "पाच वेळा लावलीस की."

"ती तान्ही होती. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पोटाला हात लावायला सांगू काय?"

"पेज घेऊन जा. भरवता भरवता फिरव अंगठा."

मंगळवारी दुपारी पासितानं आल्याची पेज केली, डबा भरला आणि निघाली. वाटेत पाणीही प्यायली नाही, थुंकी पातळ होऊ नये म्हणून. जोवेलिनच्या गल्लीत वळली आणि थबकली.

दारापासून कोपऱ्यापर्यंत चाळीसेक माणसांची रांग होती. शाळेतल्या बाई अंडी घेऊन उभ्या होत्या. कोरिंगच्या हातात आल्याचा काढा होता. इस्को न्हावी कलिंगड सांभाळत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि जवळजवळ प्रत्येकाचा उजवा अंगठा तोंडात होता.

पासिता कोरिंगच्या मागे जाऊन उभी राहिली. कोरिंगनं हळूच अंगठा झग्याला पुसला.

"तू पण?" पासितानं विचारलं.

"मी एवढंच म्हटलं गं, की पोरगी चंद्रासारखी दिसते," कोरिंग रडवेली झाली. "हातात धुण्याचं घमेलं होतं. गोल."

पुढून इस्को वळला. "घमेल्याचं राहू दे. मी म्हटलं, असा सूर मी जन्मात ऐकला नाही."

"पण मेणात बाई होती ना?"

"मागून मी तसाच दिसतो," इस्को खाली मान घालून म्हणाला.

पासिताला एवढं हलकं वाटलं की तिला तिथंच बसकण मारावीशी वाटली. अख्ख्या गावानं मोकळ्या तोंडानं कौतुक केलं होतं. चाळीस जणांत तिचा वाटा तो कितीसा!

आत जोवेलिन बाकावर आडवी होती. पहिल्या तिघांनी पांघरूण सारखं करायच्या मिषानं हात घातला, तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. तेव्हापासून तिनं सदरा बोटभर वर धरून ठेवला होता. "या, लावा. एकेकानं. पण लवकर, थंडी वाजतेय मला."

पासिताची पाळी आली. तिनं अंगठा फिरवला, मनापासून, दोनदा. मागची माणसं दाराशी जोवेलिनच्या आईशी बोलत होती. जोवेलिननं पासिताचा हात धरून तिला खाली ओढलं.

"आलिंग पासिता, दृष्टबिष्ट काही नाही. डॉक्टर म्हणाले, शिळं खाल्लं."

"कुठं खाल्लंस? त्या टीव्हीवाल्यांकडे?"

"डॉक्टरांना तेच सांगितलंय." जोवेलिननं आवाज आणखी उतरवला. "तुमचा शेवटचा बिबिंका शनिवारी सकाळी खाल्ला. थोडा वास येत होता. पण गाण्याआधी फार भीती वाटत होती हो, आणि तो घरचा होता."

बुधवारचा बिबिंका. नारळाच्या दुधातला. शनिवारी. चाळीस जणांत वाटलेलं पाप एका क्षणात परत तिच्या एकटीच्या पदरात येऊन पडलं.

"पोरी, मी..."

"कुणाला सांगणार नाही मी," जोवेलिन म्हणाली आणि तिचा हात दाबला. "पेज आजचीच ना?"

"आत्ताची," पासिता म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

शनिवारपर्यंत जोवेलिन खडखडीत बरी झाली. माझ्याच थुंकीनं, असं बाकीचे एकोणचाळीस जण छातीठोकपणे सांगू लागले. फक्त पासिता गप्प होती, आणि गावाला त्याचंच नवल वाटत होतं.

अंतिम फेरी सगळ्यांनी चौकात मोठ्या पडद्यावर पाहिली. गाणं संपेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. पासितानं तर मनातल्या मनात "प्वेरा उसोग" सात वेळा म्हणून वर तोंडावर रुमाल दाबला होता. जोवेलिन दुसरी आली. निवेदकानं विचारलं, आभार कुणाचे मानशील?

"आलिंग पासिताच्या बिबिंक्याचे," जोवेलिन कॅमेऱ्याकडे बघून हसली. "तो खाल्ला नसता, तर गावाचं माझ्यावर एवढं प्रेम आहे हे मला कळलंच नसतं."

चौकानं टाळ्यांचा कडकडाट केला. कोरिंगनं पासिताला मिठी मारली. तिर्सोनं मात्र टाळी वाजवली नाही. तो बोटं मोजत होता.

"बुधवारी धाडलेला तो?" त्यानं हळूच विचारलं.

"गप बस," पासिता रुमालातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच गाडीपुढे रांग लागली. शेजारच्या गावची एक बाई तर वीस बिबिंके मागत होती. तिची लेक पुढच्या महिन्यात त्याच स्पर्धेला जायची होती, तिला पाठवायला.

पासितानं तिला एकच दिला, आणि तो संपेपर्यंत तिच्यासमोर उभी राहिली.