शलाकाची फणी आणि मदतीला धावलेलं जंगल

एका जंगलात, मुलांनो, कोणी कोणाला मदत करत नाही, असं शलाका नावाच्या एका तरुण सायाळीला वाटत होतं.

ते जंगल तिचं स्वतःचंच होतं. पण मधली चार वर्षं ती दोन नद्यांपलीकडच्या एका मोठ्या जंगलात शिकायला होती. तिथल्या गुरुजींनी निरोप देताना तिला बजावलं होतं, "मुली, तुमच्याकडे नवं काही करायला गेलीस तर सगळे हसतील. दारं लावून घेतील. मन घट्ट कर."

शलाकानं मन घट्ट केलं. विरोध करणाऱ्यांना कोणती उत्तरं द्यायची, ती वाटभर पाठ करत आली.

आणि जंगलाच्या वेशीवर तिला काय दिसलं? कमान. केळीचे खांब, झेंडूची तोरणं, आणि वर पाटी: 'परत आलेल्या कन्येचं सहर्ष स्वागत'.

कमानीखाली रावसाहेब सांबर उभे होते. रावसाहेब म्हणजे जंगलाच्या नवउद्योग साहाय्य मंडळाचे चिटणीस. त्यांच्या शिंगांच्या प्रत्येक फाट्यावर एकेक हार लटकत होता. दिवसाला पाच-सहा सत्कार असायचे, तेव्हा हार जवळ असलेले बरे.

"काही नवं करणार आहात म्हणे," रावसाहेब एक हार उतरवत म्हणाले.

"हो. म्हणजे, विचार आहे."

"विचार पुरे आहे. मंडळ तुमच्या पाठीशी आहे."

शलाकानं हारासाठी मान पुढं केली. पाठ केलेली सगळी उत्तरं तशीच राहिली.

आता तिचा विचार काय होता, ते ऐका.

तुम्हाला माहीत आहे, पाऊस उतरणीला लागला की जंगलात गोचिडं होतात. ससा असो की गवा, कोणाला सोडत नाहीत. झाडाला अंग घासून साल निघते, गोचीड निघत नाही. सायाळीचे काटे मात्र आपोआप गळतात आणि बिळात नुसते पडून असतात. बांबूच्या कांबीत बारा काटे ओळीनं बसवले, वेलीनं घट्ट बांधले, की झाली फणी. केसांतून एकदा ओढली की गोचीड बाहेर.

शलाकाची आई कमी बोलायची. तिनं बिळाच्या कोपऱ्यातली टोपली पुढं सरकवली.

"हे माझे तीन वर्षांचे काटे. दुसऱ्या टोपलीत तुझ्या आत्याचे आहेत. पुढचे गळतील तेव्हा गळतील, मागून मिळणार नाहीत. जपून वापर."

शलाकानं हिशेब मांडला. वीस फण्या होणार होत्या. वीस फण्या वीस घरांत फिरल्या, तर या भाद्रपदात जंगलात खाजवण्याचा आवाज येणार नाही. एवढंच तिचं स्वप्न होतं. तिला ते फार मोठं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर होतंही.

दुसऱ्या दिवशी ती मंडळात नाव नोंदवायला गेली.

"आधी उद्घाटन," रावसाहेब म्हणाले. "वाघोबांची वेळ घेतो."

"उद्घाटन कशाला? मी जांभळाखाली बसते आणि फण्या विकायला लागते."

"अहो ताई, उद्घाटनाशिवाय सुरू केलेल्याला उद्योग म्हणत नाहीत. त्याला नुसतं काम म्हणतात."

शलाकाला हे पटलं नाही, पण एवढ्या प्रेमानं सांगत होते, मोडवेना. निघताना तिनं सहज विचारलं, "आणि एखादा उद्योग बंद पडला तर मंडळ काय करतं?"

रावसाहेबांनी दोन्ही कान झाडले. "असलं बोलू नये. बंद पडलेल्याकडे आम्ही फिरकत नाही. त्याची वस्तूसुद्धा मंडळाच्या कपाटात ठेवत नाही. ज्याची त्याला परत. अपशकुन होतो."

उद्घाटन थाटात झालं. वाघोबा ठरल्या वेळेनंतर दोन प्रहरांनी आले. त्यांनी दातांनी फीत तोडली. मग मंडळाच्या नियमाप्रमाणे व्यासपीठावरच्या पाच जणांना स्मृतिचिन्हं द्यायची होती.

"स्मृतिचिन्ह उद्योगाचंच असावं," रावसाहेब तिच्या कानाशी म्हणाले. "जाहिरात होते."

पाच फण्या गेल्या. शलाकाला वाटलं, हरकत नाही. मोठी मंडळी वापरतील, बघून बाकीचे घेतील.

वाघोबांनी फणी कपाळाला लावली आणि मांडीवर ठेवली. मग ते तरुणांनी काहीतरी केलं पाहिजे या विषयावर बोलायला उभे राहिले. त्यांच्या डाव्या कानामागे जांभळाएवढं टपोरं गोचीड होतं. बोलता बोलता ते मागच्या पायानं कान खाजवत. पाय पोचेना तेव्हा मांडवाच्या खांबाला कान घासत. खांब हलला की सगळे टाळ्या वाजवत.

"महाराज," शलाका हळूच म्हणाली, "ही फणी लावून बघा ना."

वाघोबांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "वेडी आहेस. सन्मानाची वस्तू अशी वापरून खराब करतात होय? अशा सगळ्या वस्तू मंडळाच्या कपाटात राहतात. काचेमागे."

मागच्या रांगेत जनाई नावाची अस्वलीण बसली होती. टाळ्या थांबल्यावर ती पुढं आली.

"पोरी, एक फणी दे. सासूबाईंच्या अंगावर जागा उरली नाही बघ गोचिडांनी. घरचा मध आणलाय बदल्यात."

शलाकाचे डोळे चमकले. तिचं पहिलं गिऱ्हाईक. तिनं फणी उचलली, तेवढ्यात रावसाहेब मध्ये आले.

"आजी, आज विक्री नाही. आज उद्घाटन आहे."

"मग उद्या येते," जनाई म्हणाली.

उद्या प्रशिक्षण होतं.

प्रशिक्षणाला कोकिळाताई आल्या होत्या. त्यांच्या वर्गाचं नाव होतं 'आपलं घरटं आपण बांधू या'. आवाज इतका गोड की मुंगसंसुद्धा भान हरपून ऐकत होती. चिकाटी कशी हवी, एकेक काडी स्वतः कशी वेचावी, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या.

शलाकानं हात वर केला. "ताई, तुमचं घरटं कुठल्या झाडावर आहे?"

"मी पूर्णवेळ मार्गदर्शन करते," कोकिळाताई म्हणाल्या. "अंडी आम्ही पहिल्यापासूनच बाहेर ठेवतो. कावळ्यांकडे सोय चांगली असते."

प्रशिक्षण सात दिवस चाललं. कोकिळाताईंना आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना निरोपाच्या दिवशी चार फण्या गेल्या. पक्ष्यांना फणी कशाला लागते, हे शलाकानं विचारलं नाही. एव्हाना ती शहाणी होत चालली होती.

मग प्रदर्शन भरलं. परीक्षक सहा. सहा फण्या. मग शेजारच्या जंगलाचं शिष्टमंडळ तिचा उद्योग पाहायला आलं. उद्योग जागेवर नव्हता, कारण उद्योगाची मालकीण त्यांच्यासाठी उभारलेल्या मांडवात भाषण करत होती. शिष्टमंडळ खूश झालं आणि चार फण्या घेऊन गेलं. त्यासुद्धा मंडळाच्या कपाटात गेल्या, कारण पाहुण्यांनी त्या रावसाहेबांना परत भेट दिल्या. जंगलात तशी पद्धत आहे.

या सगळ्या दिवसांत जांभळाखाली एक पान टांगलेलं असायचं: 'ताई कार्यक्रमाला गेल्या आहेत'. सायाळ तशी रात्री जागणारी जात. शलाका दिवसा कार्यक्रम करायची आणि रात्री भाषणं लिहायची. फण्या तेवढ्या कधी करायची, ते तिलाच ठाऊक.

शेवटची फणी उरली तेव्हा रावसाहेब घाम पुसत आले.

"ताई, कमाल झाली. यंदाचा 'उगवती उद्योजिका' पुरस्कार तुम्हाला. उद्या सकाळी. वाघोबा स्वतः देणार."

"मला?" शलाका खरंच हरखली. मुलांनो, तिला हसू नका. चार वर्षं परमुलखात राहून घरच्यांनी पाठीवर हात ठेवलेला कोणाला आवडणार नाही? "पण रावसाहेब, मी अजून एकही फणी विकलेली नाही."

"म्हणून तर उगवती. विकायला लागलात की उगवलेली. त्यात पुरस्कार नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "वाघोबांना द्यायला एक फणी ठेवा हं."

त्याच दिवशी उन्हं कलताना जनाई बिळापाशी आली. ती धापा टाकत होती.

"चौथी खेप आहे माझी," ती दारातच बसली. "आता सासूबाई उठत नाहीत. रगत पिऊन पार वाळवून टाकलं मेल्यांनी. काल झाडाला पाठ घासायला गेल्या आणि तिथंच बसून राहिल्या. एक फणी दे, पोरी."

शलाकाच्या हातात शेवटची फणी होती. तिच्यावर वेलीची नक्षी करणं चालू होतं.

"जनामावशी, ही उद्याची आहे. परवा नक्की..."

"परवा काटे कुठून आणशील?" आतून आई म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. दोन्ही रिकाम्या टोपल्या एकीत एक घालून ठेवत होती.



जनाई उठली. "असू दे. तुझं चांगलं चाललंय, चालू दे. आम्ही काय, टाळ्या वाजवायला येऊ उद्याही." त्यात टोमणा नव्हता. असता तर शलाकाला सोसला असता. टोमण्यांची तयारी तर ती करूनच आली होती.

ती फणी हातात घेऊन तशीच जनाईच्या मागे धावली.

गुहेत म्हातारी अस्वलीण भिंतीला टेकून पडली होती. शलाकानं तिच्या मानेवरून फणी ओढली. फणी दोन बोटं सरकली आणि अडकली. पुन्हा ओढली. पुन्हा अडकली.

"अगं, केस उपटतेस की गोचिडं?" म्हातारी कण्हत म्हणाली. तिचा तोरा शाबूत होता. "हे तुझं सशासाठी आहे. अस्वलाचे केस बघ की जरा. दात लांब लांब बसव."

शलाका बघतच राहिली. महिन्याभरात तिच्या फणीबद्दल अठरा भाषणं झाली होती. फणी कोणाच्या अंगाला लागली ती आज पहिल्यांदा.

तिनं एकाआड एक काटा उपसला. राहिले सहा. पुन्हा फणी ओढली. ती सरसरत गेली, आणि टपोरी गोचिडं टपटप खाली पडली.

"आई गं," म्हातारी म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले. "थांबू नकोस. खाली, अजून खाली. त्या जागेला माझा हात दहा वर्षांत पोचला नाही."

जनाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. शलाका विंचरत होती आणि मनाशी मोजत होती. एका फणीला सहाच काटे पुरतात. उपसलेल्या सहांत दुसरी फणी होते. म्हणजे वीस फण्यांच्या चाळीस झाल्या असत्या. पण एकोणीस तर कपाटात काचेमागे होत्या.

कपाट म्हटल्यावर तिला रावसाहेबांचं एक वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरस्काराची मिरवणूक वाजतगाजत जांभळापाशी आली. पुढं रावसाहेब, शिंगांवर सात हार. मागे वानरांचा ताशा.

जांभळाला नवी पाटी होती. ती शलाकानं पहाटे विचार करून, स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत लिहिली होती:

'हा उद्योग आजपासून बंद पडला आहे.'

ताशा थांबला. रावसाहेबांनी पाटी दोनदा वाचली. मग शलाकाच्या गळ्याकडे नेलेला हार त्यांनी पुन्हा शिंगावर टांगला.

"वाईट झालं," ते चार पावलं मागं सरकत म्हणाले. "फार होतकरू होतात. मंडळाच्या कपाटातल्या फण्या दुपारपर्यंत पोचत्या करतो. एकोणीसच्या एकोणीस. राग मानू नका, पण वाघोबा त्या कपाटाजवळ झोपतात."

"राग कसला?" शलाका मान खाली घालून म्हणाली. मान खाली घातली नसती तर हसू दिसलं असतं.

रावसाहेब तिच्या आईकडे वळले. "हार आणलेत, मांडव घातलाय. शेजारपाजारी कोणी नवं काही सुरू करतंय का हो?"

चार बिळं पलीकडे मुंगसाची सून दुसऱ्यांना बिळं खोदून द्यायला लागली होती. आईला ते चांगलं माहीत होतं.

"छे," आई म्हणाली. "इकडे कोणी काही करत नाही."

मिरवणूक वळली. ताशाचा आवाज लांब गेला, तशी झाडामागून जनाई बाहेर आली. तिच्यामागं एक भेकर, दोन ससे आणि सगळ्यांत शेवटी, कोणी ओळखू नये म्हणून पानांत तोंड लपवून, डावा कान खाजवत एक पट्टेदार गिऱ्हाईक.

"बंद आहे ना?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"अगदी बंद," शलाका म्हणाली. "बसा."

तात्पर्य: मुलांनो, नव्या उद्योगाला सगळ्यांच्या मदतीची गरज असते. म्हणून उद्योग मनापासून चालवायचा असेल, तर सर्वांत आधी तो बंद पडल्याचं जाहीर करावं.