तळ्याकाठचे सेतूराव

पहिल्याच दिवशी सेतूरावांनी मला म्हैस केलं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वेलचेरीचं तळं कुणी कसं वापरायचं, याचा नकाशा अड्यारच्या आमच्या संस्थेला काठावरच्या लोकांबरोबर बसून करायचा होता. मी पुण्याहून आलेला मोजणीदार. सेतूराव प्रमुख, तंजावरी मराठी, राहायला मैलापूरला. त्यांची पद्धत अशी, की दर शनिवारी काठावर चटई अंथरायची आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या बाजूनं भांडायचं. परटीण मुनियम्मा गुराखी व्हायची, गुराखी कण्णन परीट. मी म्हैस.

"बोल रे, तुज काय पाहिजे?"

"पाणी."

"अस्क्यांस पाणीच पाहिजे. म्हशीसारखं बोल!"

'अस्के' म्हणजे सगळे, हे मला नंतर कळलं. म्हैस कशी बोलते, ते अजून कळलेलं नाही.

हे संशोधन होतं की तमाशा, तेही कळेना. एकमत होत आलं की सेतूराव स्वतःच बिब्बा घालत, "पाणकावळ्यांस विचारलं का?" तिकडे संस्था मला दटावायची, नकाशा पुरा करा आणि अभ्यास आटपा. सेतूरावांना घाई करताना मला चोरट्यासारखं वाटे, न करतानाही वाटे.

अखेर एका शनिवारी नकाशावर सगळ्यांचे अंगठे उठले. उरली मुनियम्मा. तिचा उठला की बैठका संपल्या.

अंगठ्याला शाई लावून ती तमिळमध्ये म्हणाली, "अय्या, तुम्ही कधी कुणी झाला नाहीत. आज मी तुम्ही होणार."

पदर खोचून ती त्यांच्यासारखी मान वाकडी करून चालली, पाणकावळ्यांना हाका मारल्या. कण्णन हसून चटईवर आडवा. मग ती खोट्या बसमध्ये चढली, मैलापूरला उतरली, कनवटीची किल्ली काढून घराचं कुलूप उघडू लागली.

"तिथं चूक," सेतूराव म्हणाले. "मी कुलूप लावत नाही. दार नुसतं ओढून येतो. कुलूप काढावं लागलं, तर आत कोण नाही हे दारातच कळतं."

कण्णन उठून बसला. त्यांच्या घरी कोण असतं, हे इतक्या शनिवारांत आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

मुनियम्मानं शाईचा अंगठा साडीला पुसला. "आमचा घाट नकाशात चुकलाय, अय्या. पुढच्या शनिवारी बघू."

सेतूरावांनी माझ्याकडे पाहिलं. घाटाचं माप टेप धरून मीच घेतलं होतं, आणि ते बरोबर होतं.

"चुकलाय," मी म्हणालो.