काठी कुठवर गेली

सोमवारी संध्याकाळी जावईबापू मावससासूबाईंच्या न्हाणीघरात अडकले. दार चांगलं होतं, कुलूपही चांगलं होतं. फक्त दाराची गोल पितळी मूठ काही केल्या फिरत नव्हती. त्यांनी ती एका हाताने फिरवून पाहिली, मग दोन्ही हातांनी, मग टॉवेल गुंडाळून. मूठ जागची हलेना, हात मात्र तिच्यावरून गरागरा फिरत होते.

"जोर लावू नका, जावईबापू," बाहेरून मावशी म्हणाल्या. "जोर लावला की ती ऐकत नाही. दोन बोटांनी धरा, सैल."

दोन बोटांनी धरल्यावर मूठ गुमान फिरली. जावईबापू बाहेर आले तेव्हा इतके घामाघूम झाले होते की त्यांना पुन्हा आत जावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही.

दोष मुठीचा नव्हता, काकांचा होता. मावशींच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, उभा जन्म फर्निचरला पॉलिश करण्यात घालवला होता. मेण, जवसाचं तेल आणि बायकोलाही न सांगितलेली तिसरी एक वस्तू मिळून ते पॉलिश व्हायचं. कारखाना बंद करून काका घरी बसले, पण हात काही बसेना. आता घरात पॉलिश न लागलेलं असं काही उरलं नव्हतं. टेबलावर वर्तमानपत्र ठरत नसे. सोफ्यावर टेकलेला पाहुणा गप्पा रंगेपर्यंत हळूहळू जमिनीवर आलेला असे. घरचं मांजर वळणावर भिंतीला धडकून मगच पुढे जाई आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अशा घरात राहायची जावईबापूंना हौस नव्हती. ते व्यावसायिक गोल्फर होते. दर आठवड्याला नवं गाव, नवं मैदान, नवी उशी. पण बायकोने फोनवर बजावलं होतं, "मावशी तिथे असताना हॉटेलात उतरलास तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि काकांना काही बोलायचं नाही. फार मनाला लावून घेतात ते."

शिवाय हा आठवडा साधासुधा नव्हता. वर्षातली ही शेवटची स्पर्धा. गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस खेळून झाले की निम्मे खेळाडू घरी जातात, निम्मे शनिवार-रविवार खेळतात. याला म्हणतात कट. जावईबापूंचं वर्ष इतकं सुमार गेलं होतं, की कट पार केला तरच पुढच्या वर्षी टूरवर, म्हणजे या गावोगावच्या स्पर्धांत, जागा. नाहीतर मेहुण्याचं टाइल्सचं दुकान. मेहुण्याने तयारीही ठेवली होती. मंगळवारी त्याने एका फिरत्या खुर्चीचा फोटो पाठवला. "भाऊजी, तुमची खुर्ची आली. डोकंसुद्धा टेकता येतं. प्लास्टिक काढलेलं नाही, तुम्हीच काढा."

तो फोटो पाहिल्यापासून जावईबापूंची काठीवरची पकड आणखी आवळली. तीच त्यांची जुनी खोड होती. त्यांचे गुरुजी गेली कित्येक वर्षं एकच वाक्य बोलत आले होते, "अरे, काठी धरतोस की तिचा गळा दाबतोस?" सरावाला बरा चाललेला हात महत्त्वाच्या वेळी असा काही आवळायचा, की बॉल बिचारा घाबरून झाडीत शिरायचा.

बुधवारी सराव आटोपून जावईबापूंनी गोल्फची बॅग बैठकीत ठेवली आणि ते जेवून आडवे झाले. काकांचं लक्ष बॅगेकडे गेलं. काठ्यांच्या मुठींचं काळं रबर घामाने कळकट झालं होतं.

"बघ गं," काका मावशींना हळहळून म्हणाले. "पोराचं पोट ज्याच्यावर चाललंय, त्याची ही दशा. याच्याकडे कोणी बघत नाही का?"

आणि त्यांनी डबा उघडला.

गुरुवारी सकाळी मावशी आणि काकाही खेळ बघायला निघाले. मावशींनी कपाटातल्या सगळ्या साड्या एकदा पाहून पहिलीच नेसली, त्यात सरावाची वेळ निघून गेली. मैदानावर पोचेपर्यंत जावईबापूंचं नाव पुकारलं जात होतं. काठ्या वाहणाऱ्या कॅडीने धावत येऊन बॅग घेतली. हा कॅडी पूर्वी लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत, आणि तो अजूनही शेजारच्या सीटवरूनच बोलायचा.

"घाई नको सर. आरसा बघा, क्लच हळू सोडा," मास्तर म्हणाला आणि त्याने सगळ्यात मोठी काठी हातात दिली.

जावईबापूंना खुर्ची आठवली. त्यांनी सवयीप्रमाणे काठी आवळली आणि जिवाच्या आकांताने फटका मारला. बॉल पुढे गेला. त्याच्या पाठोपाठ काठीही गेली. गरगर फिरत ती प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, दोन पंचांच्या मधून गेली आणि पार हिरवळीवर जाऊन पडली. जावईबापू दोन्ही रिकाम्या मुठी खांद्यावर घेऊन उभे राहिले. मैदानावर शांतता पसरली. त्या शांततेत दोनच माणसं टाळ्या वाजवत होती.

"बाई गं, केवढी लांब," मावशी म्हणाल्या. काकांनी तर मान ताठ करून आजूबाजूला पाहिलं. नंतर बाकीच्या दोन खेळाडूंच्या काठ्या हातातच राहिल्या, तेव्हा काकांना त्यांची दया आली. पुढे मावशींचे गुडघे बोलू लागले, म्हणून दोघं समाधानाने घरी गेली.

इकडे मास्तरने काठीची मूठ हुंगली. "सर, हिला कोणीतरी पॉलिश केलंय."

"एकट्या हिलाच?"

मास्तरने बॅगेत हात घातला आणि त्याचा चेहरा पडला. "सगळ्या गाडीला केलंय."

त्याने टॉवेल काढून घासायला सुरुवात केली. पण काकांचं पॉलिश ते; जितकं पुसावं तितकी चकाकी वाढत होती. तिसऱ्या काठीत मास्तरला स्वतःचं नाक दिसू लागलं तेव्हा त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "सर, आज पहिल्या गिअरमध्येच चालवा. जोर लावलात तर स्टिअरिंग हातात नाही."

जावईबापूंना न्हाणीघराची मूठ आठवली. दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी काठी सैल धरली आणि कोणाची तरी माफी मागत असल्यासारखा फटका मारला. बॉल सरळ गेला. पुढचाही सरळ गेला. त्यानंतर तर तो झाडीकडे ढुंकूनही पाहीना. संध्याकाळी फलकावर जावईबापूंचं नाव इतकं वर होतं, की खालून शोधताना त्यांना ते सापडेना.

"इतकी वर्षं ओरडतोय मी," गुरुजींचा फोन आला. "शेवटी कोणाचं ऐकलंस?"

"पॉलिशवाल्याचं," असं सांगायची सोय नव्हती. जावईबापू म्हणाले, "तुमचंच."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण मास्तर म्हणाला, "सर, काठ्या स्पिरिटने धुऊन कोरड्या करून ठेवतो. तेलकट स्टिअरिंगची गाडी मी कोणाच्या हातात देत नाही." आणि जावईबापूंनी विचार केला, की निसरड्या काठ्यांनी एवढं जमलं, तर कोरड्यांनी किती जमेल. माणसाला बरं चाललेलं बघवत नाही, स्वतःचंसुद्धा.

शुक्रवारी काठ्या कोरड्या ठणठणीत होत्या, पकड पक्की बसत होती, आणि जावईबापूंनी ती इतकी पक्की बसवली की दुपारपर्यंत आदल्या दिवसाची सगळी कमाई उधळून झाली. एक बॉल तळ्यात, एक वाळूत, एक एका बाईंच्या पर्समध्ये. मास्तर "ब्रेक, ब्रेक" म्हणत मागून धावत होता. मधेच खिशातला फोन वाजला म्हणून त्याने तो बंद करायला काढला, तर मेहुण्याचा निरोप झळकत होता. 'भाऊजींना सांगा, खुर्ची खालीवरही होते.'

शेवटच्या होलला हिशेब अगदी सोपा उरला. ठरलेल्या चार फटक्यांत बॉल भोकात गेला तर कट पार. पाचवा लागला तर टाइल्स.

घामाने भिजलेला हातमोजा जावईबापूंनी काढला. नजर समोरच्या तळ्यावर होती, पण त्यांना तिथे पाण्याखाली पांढऱ्याशुभ्र चौकोनी टाइल्सच दिसत होत्या. या खेळाशिवाय आपल्याला दुसरं काही येत नाही आणि हाही येत नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या पटलं, आणि त्यांना रडू येईल की काय असं वाटलं.

तेवढ्यात दोरीपलीकडून हाक आली. काका आले होते. मावशींसाठी जागा धरून ते बराच वेळ बसले होते, आणि नुसतं बसवेना म्हणून त्यांनी तिथलं लाकडी बाकडं पॉलिश करून काढलं होतं. फडकं अजून खांद्यावर होतं.

"जावईबापू, मी सकाळपासून बघतोय," काकांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि मायेने चोळले. "आज तुम्ही फार धरून ठेवताय. असं करू नका. सैल सोडा, जाऊ दे लांब."

जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं दुखणं गुरुजींनंतर या एका माणसाने ओळखलं, असं त्यांना वाटलं. हात मागे घेतले तर ते कोपरापर्यंत चकाकत होते. टॉवेलला पुसले, आणखी चकाकले.

"सर, नियमात हात मिळवायला बंदी नाही," मास्तर कानात पुटपुटला. "पहिला गिअर."

जावईबापूंनी काठी दोन बोटांनी धरावी तशी धरली. दुसरी कशी धरताच येत नव्हती. बॉल तळ्यावरून आरामात गेला आणि हिरवळीच्या मधोमध बसला. दुसऱ्या फटक्याने तो भोकाच्या जवळ गेला, तिसऱ्याने अगदी काठावर, चौथ्याने आत. टाळ्या वाजल्या. त्याच वेळी स्पर्धेचे अध्यक्ष खूश होऊन बाकड्यावर टेकले आणि सरळ पलीकडच्या झुडपात गेले, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"झाला," जावईबापूंनी बायकोला फोन केला. त्यांचा फोन हातातून दोनदा निसटला. "कट पार झाला."

"खरंच?" ती नाक ओढून म्हणाली, "दादाला सांगते, खुर्ची परत कर म्हणून. आणि काकांना काही बोलला नाहीस ना?"

"काकांचे पाय धरणार आहे मी."

संध्याकाळी ते खरंच काकांपुढे वाकले. काकांनी त्यांना उठवून सोफ्यावर बसवलं, घसरू नयेत म्हणून दंडाला धरून ठेवलं. पण काकांचा चेहरा उतरलेला होता. मावशीही डोळ्यांनीच 'बोला' म्हणून खुणावत होत्या.

"वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू," शेवटी काका म्हणाले. "मी एवढं सांगूनही आज काठी हातातच राहिली. होतं असं एखाद्या दिवशी. परवा रात्री तुम्ही झोपलात तेव्हा मी सगळ्या काठ्यांवर पॉलिशचा हात फिरवला होता, म्हणून काल तेवढी लांब गेली. तुमच्या माणसाने ते सगळं पुसून टाकलं."

जावईबापूंनी तोंड उघडलं. मग त्यांना बायको आठवली, आणि ते मिटलं.

"काळजी करू नका," काका उठून बॅगेकडे गेले आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "उद्या तळ्यापलीकडे जाईल."

"काका," जावईबापू सोफ्यावरून घसरत म्हणाले, "दोन हात फिरवा."