शेवयांएवढे जिवाणू

ज्योत्स्नाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काल सायंकाळी आखूड, नेटके दिसणारे जिवाणू रातोरात शेवयांसारखे लांबले होते. तिचा सारा प्रकल्प एकाच सत्यावर उभा होता: जिवाणू आधी डीएनएची नक्कल पुरी करतो, मगच मधोमध भिंत घालून दोन होतो. यांनी मात्र दोन होण्याचे साफ नाकारले होते. नांदेडहून आलेले परीक्षक गुरुबसप्पा सर खाली चहा घेत होते. आज नापास म्हणजे एमएस्सीचे अख्खे वर्ष गेले.

तिने चंबूचे बूच काढले. आतल्या पोषक द्रवाला गोडसर वास येत होता.

"मामू, हा स्ट्रॉबेरीचा वास कशाचा?"

प्रयोगशाळेचे जुने परिचर गुलाम रसूल ओशाळले. "आमच्या नातीला, कशिशला, खोकला झालाय, बेटा. औषधाच्या भुकटीत पानी मापात पडाया पायजे ना! म्हून तुमच्या मोजपात्रात कालवलं. तिथं एमएल म्हणजे एमएल."

"मग धुतलं का न्हाई?"

"हिसळलं की एकदा!"

त्याच पात्राने तिने द्रव मोजला होता. मामूंनी खिशातली बाटली दाखवली: सेफॅलेक्सिन. जिवाणूंना भिंत घालू न देणारे औषध!

"घाबरू नगा, मी सायबाला अडवतो," म्हणत मामू खाली धावले आणि दारातूनच म्हणाले, "साब, इतक्यात वर येऊ नगा. बाईचे जिवाणू बिघडल्यात."

अर्धा कप तसाच ठेवून सर वर आले. ज्योत्स्नाने सारे कबूल केले.

"डीएनए रंगवा," सर एवढेच म्हणाले.

तिने रंग घातला. काळोख्या वर्तुळात प्रत्येक धाग्यावर समान अंतराने डीएनएच्या नकलांचे निळे ठिपके उजळले, जणू निजलेल्या गावात दिव्यांची ओळ.

"अहो, बघा की!" सरांचा आवाज चढला. "भिंत नकलेसाठी थांबते, नक्कल भिंतीसाठी थांबत न्हाई. तुम्ही नुसतं लिहिलं होतं, हितं दिसून राहिलंय! आता जिवाणू धुवा न् ताजा द्रव द्या."

तासाभरात धागे भिंती घालून तुटू लागले. ज्योत्स्नाच्या छातीवरचा धोंडाही उतरला. तिला हसू आवरेना.

सरांनी पेन उघडले. "नोंदीत लागतं म्हणून विचारतो. औषधाची मात्रा कशी ठरवली?"

मामू अदबीने पुढे झाले.

"पोरीच्या वजनावर, साब. चौदा किलो."