एल्डाचा चष्मा

युलिस रोबिशोने चर्चच्या सभागृहात पातेल्याचं झाकण उघडलं, तेव्हा खुर्च्यांवरच्या सगळ्या मंडळींनी एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेतली. कोळंबी-भेंडीचा दाट रस्सा, म्हणजे आमचा गंबो, तळाला लागला होता. त्याची बायको एल्डा असती तर ते पातेलं मागच्या दारीच गेलं असतं. पण एल्डा जूनमध्ये गेली, आणि जळका गंबो न कुरकुरता संपवणं, ही आमच्या गावाची दुखवट्याची रीत ठरली. अर्लीन फॉन्टेनोने तर दुसऱ्यांदा मागून घेतला. अर्लीन कुणासाठी काय केलं ते विसरत नाही, आणि इतरांनाही विसरू देत नाही.

आमच्या राज्याच्या घटनेत दुरुस्ती करायची तर लोकांचं मत घेतात, आणि त्या दुरुस्त्या मतपत्रिकेवर येतात त्या अशा भाषेत, की वकीलसुद्धा वाचताना ओठ हलवतो. म्हणून दर निवडणुकीआधी एल्डा गंबो करायची आणि एकेक दुरुस्ती समजावून सांगायची. 'हो' म्हटलं तर काय बदलेल, 'नाही' म्हटलं तर काय तसंच राहील, एवढंच. मत कसं द्यायचं, यावर चकार शब्द नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "प्रवचनाला फादर आहेत. मी फक्त गंबो वाढते."

तिची ही सभा बंद पडू द्यायची नाही, असं युलिसने ठरवलं होतं. पण यंदा एक पंचाईत होती. तिसरी दुरुस्ती त्याच्याच घराची होती.

तरुणपणी एल्डा सैन्यात ट्रक चालवायची. तिथेच तिचा पाय कायमचा अधू झाला. गावात कुणी लंगडण्याचं कारण विचारलं तर ती "घोडा" एवढंच म्हणे, आणि गाव घोड्यालाच दोष देई. जायबंदी सैनिक म्हणून तिच्या घराला करमाफी होती. ती गेली आणि माफीही गेली. बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेल्या युलिसला तो कर झेपणारा नव्हता. तिसरी दुरुस्ती म्हणत होती, ही माफी मागे राहिलेल्या जोडीदाराला चालू ठेवावी. मात्र ज्या परगण्यात बहुमत 'हो' म्हणेल, तिथेच.

"पपा, सांगून टाका ना लोकांना," मुलगी निनेट फोनवर म्हणाली होती. "तुमचं घर आहे म्हणावं. सगळे 'हो' म्हणतील."

"तुझ्या आईच्या सभेत?"

"आई नाहीये आता."

"म्हणूनच," युलिस म्हणाला.

पहिली दुरुस्ती कालव्यांची होती, दुसरी न्यायाधीशांच्या वयाची. दोन्ही त्याने नीट समजावल्या. न्यायाधीशांच्या वेळी क्लोव्हिस द्युगाने विचारलं, "युलिस, म्हणजे म्हाताऱ्याला घरी बसवायचं की नाही?"

"ते तू ठरव. मी सांगणार नाही."

"अरे, तुझ्याबद्दल नाही विचारत मी!"

लोक हसले. युलिसही हसला, पाणी प्याला आणि तिसऱ्या दुरुस्तीकडे वळला. "जायबंदी सैनिकाच्या पश्चात," त्याने वाचलं, "हयात जोडीदारास..."

आणि तिथेच अडकला. घरी आरशासमोर तो हे वाक्य नीट म्हणत आला होता. पण इथे समोर पहिल्या रांगेतली ती खुर्ची होती, जिच्यावर एल्डा आपली पर्स ठेवायची. आजही तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. युलिसच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला, परत घातला आणि उरलेलं एका दमात वाचून टाकलं.

अर्लीनने क्लोव्हिसला कोपराने ढोसलं. सभागृहभर पेनं चालू लागली. काय लक्ष देऊन लिहितायत, युलिसला वाटलं. एल्डाला बरं वाटलं असतं.

निकाल लागला. दुरुस्ती राज्यात मंजूर झाली, आमच्या परगण्यात थोडक्यात पडली. आणि ती पाडली आमच्या एका गावाने. इतर गावांत मतं निम्मी निम्मी पडली होती. इथे मात्र सगळ्या गावाने जणू एका हातानेच 'नाही' म्हटलं होतं.

नाताळाआधी युलिसच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली. रस्त्याने चाललेल्या क्लोव्हिसने करकचून ब्रेक मारला आणि मागून येणाऱ्या अर्लीनची गाडी त्याच्या गाडीवर थडकता थडकता राहिली. दोघं भांडत भांडतच अंगणात शिरली.

"हे काय खूळ काढलंस?" क्लोव्हिस ओरडला.

युलिसने सांगितलं. ट्रकचं, पायाचं, कराचं. घोडा कधीच नव्हता, हेही सांगितलं.

अर्लीन पायरीवर बसली. "अरे देवा. म्हणजे ती तिसरी तुझी होती? मग मेल्या, चष्मा कशाला काढलास?"

"चष्मा?"

"एल्डा काढायची ना! जी दुरुस्ती तिला पटायची नाही, ती सांगताना चष्मा काढून पुसायची. अख्खं गाव त्यावर मत द्यायचं. आम्हाला वाटलं, जाताना तिने तुला सांगून ठेवलं असेल."

क्लोव्हिस टोपी हातात घेऊन उभा होता. "युलिस, शपथेवर सांगतो, मला ती दुरुस्ती चांगली वाटली होती. पण चष्म्यापुढे मी कोण?"

युलिसने पाटीकडे बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय की हसतोय, ते त्या दोघांना कळेना.

"मी पण," तो कसाबसा म्हणाला. "इतकी वर्षं मी पण चष्मा बघूनच मत देत आलो. मला वाटायचं, तिची ही खोड माझ्या एकट्यालाच ठाऊक आहे."

"आणि तिला? तिला ठाऊक होतं?" अर्लीनने विचारलं.

"ती तर दर वेळी बजावायची, 'युलिस, स्वतःच्या डोक्याने मत दे हं.'"

त्याचे डोळे भरून आले. हात सवयीने चष्म्याकडे गेला, चष्मा निघाला.

अर्लीनने झटकन त्याचं मनगट धरलं. "घाल तो," ती म्हणाली. "तुझ्या पाया पडते युलिस, आधी तो चष्मा घाल."